सणाला गावी न जाऊ शकलेल्यांसाठी घरी मांडलेली पंगत: आपले अनुभव लिहा

लातूरमध्ये आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत आणि त्यांत गेली अकरा वर्षे नीटची तयारी करणारी मुले भाड्याने राहतात. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता आणि नीट ५ मेला. हातात उरलेल्या २६ दिवसांतले दोन दिवस प्रवासात घालवून गावी जाण्याची एकाचीही तयारी नव्हती, आणि ज्या मेसमधून त्यांचे डबे येत ती सणामुळे बंद राहणार होती. म्हणून मी नऊ जणांना पुरणपोळीच्या जेवणाला बोलावले.

दीड किलो हरभऱ्याची डाळ सकाळी सहाला कुकरला लावली. सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाखाली दबेना. नळाचे साठवलेले पाणी आदल्या रात्रीच संपल्यामुळे मी बोअरचे पाणी घातले होते. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना सांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट करून ठेवतात, म्हणून डाळ शिजत नाही. अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवूनही त्या सकाळी मला हे आठवले नाही, शेजारच्या काकूंनी मात्र कुकरमध्ये डोकावताच "बोअरचं पाणी घातलंस ना?" असे विचारले. ते पाणी ओतून दिले, फिल्टरच्या पाण्याचा जार मागवला, चिमूटभर सोडा घातला आणि डाळ पुन्हा चढवली. पुरण तयार व्हायला साडेअकरा वाजले.

बाराला जेवायला आलेली मुले भुकेलेली होती आणि पोळी एकही झाली नव्हती. नंदुरबारच्या मुलाने पुरणयंत्र फिरवायला घेतले, यवतमाळच्या मुलीने येळवणीला, म्हणजे डाळ शिजवलेल्या पाण्याच्या आमटीला, फोडणी दिली, आणि एकाने कुरडया तळताना निम्म्या जाळल्या. पंगत अडीचला बसली. सगळे वेळेवर झाले असते तर तीच मुले पाहुण्यांसारखी संकोचाने येऊन, जेवून, अर्ध्या तासात वर अभ्यासाला गेली असती, असे मला वाटते. दीड किलो डाळ आणि सव्वा किलो गूळ यांत साठाला दोन कमी पोळ्या झाल्या, त्यातल्या उरलेल्या त्यांनी दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून खाल्ल्या.

घरापासून दूर असलेल्या मित्रांना, सहकाऱ्यांना किंवा भाडेकरूंना आपण सणाला जेवू घातले असेल, तर काय केले, किती जणांसाठी केले आणि काय फसले, ते कृपया सविस्तर लिहावे. प्रमाणे दिलीत तर फार बरे होईल.

— — —

परभणीहून

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकत असताना आम्ही पाच जण बाहेर खोली घेऊन राहत होतो. त्यातला एक आंध्रातील गुंटूर जिल्ह्याचा होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आईला फोनवर विचारत विचारत मी भोगीची भाजी केली. तीत हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, वांगी, गाजर, बोरे आणि वरून तिळाचे कूट घातले होते. बाजरीची भाकरी मात्र आम्हा कोणालाच थापता येईना. पहिल्या तीन तव्यावर टाकतानाच तुटल्या, तेव्हा हट्ट सोडून खानावळीच्या मावशींकडून तीळ लावलेल्या वीस भाकरी आणल्या.

मी मोठ्या उत्साहाने गुंटूरच्या मित्राला भोगी म्हणजे काय ते समजावू लागलो, तर त्याने मला मध्येच थांबवले. त्याच्याकडेही या दिवसाला भोगीच म्हणतात, पहाटे दारात जुन्या लाकडांची शेकोटी पेटवतात आणि संध्याकाळी लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे ओवाळून ओततात. भाजीसाठी आणलेली बोरे उरली होती. त्याने त्यातली ओंजळभर घेऊन आमच्यातल्या सर्वांत लहान, म्हणजे प्रथम वर्षाच्या मुलाच्या डोक्यावर ओतली आणि त्याचा फोटो काढून आपल्या आईला पाठवला. त्यानंतर त्याच्या आईचा जो फोन आला तो पाऊण तास चालला. भाजी तोवर गार झाली होती, आणि ती गार चांगली लागत नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो.

— — —

धाराशिव जिल्ह्यातून

माझा अनुभव वेळ अमावस्येचा, म्हणजे आमच्या बोलीत येळवशीचा आहे. मार्गशीर्षातल्या या दिवशी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठ ओस पडते आणि ज्याला शेत आहे तो घरदार घेऊन शेतात जातो. ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी बोलावतेच, पण बदलीवर नव्याने आलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. मी काम करतो त्या बँकेतील नागपूरचे एक आणि बिहारचे दोन सहकारी अशाच एका येळवशीला दुपारभर उघडे हॉटेल शोधत फिरले आणि संध्याकाळी बिस्किटे खाऊन झोपले. हे दुसऱ्या दिवशी कळल्यावर मला खरोखर लाज वाटली.

पुढच्या वर्षी तिघांनाही आमच्या शेतात नेले. आईला काळजी अशी की शहरातली माणसे आंबील आणि उंडे काय खाणार, म्हणून तिने पनीरची भाजी करायचे ठरवले होते. मी तिला निक्षून नको म्हटले आणि तो निर्णय बरोबर ठरला. आदल्या रात्री ज्वारीचे पीठ ताकात कालवून केलेली आंबील मातीच्या बिंदग्यात भरली होती. भज्जीत तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाल आणि मिळतील तितक्या पालेभाज्या बेसन लावून शिजवल्या होत्या. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर होती. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, मांडलेल्या पाच पांडवांची पूजा झाल्यावर पंगत बसली. बिहारच्या सहकाऱ्याने आंबिलीचे पाच पेले घेतले, ज्वारीच्या फडाकडेला सतरंजीवर आडवा झाला आणि सूर्य कलेपर्यंत उठला नाही. आंबील अंगावर येते, हे त्याला आधी सांगायला हवे होते.

माणशी प्रमाण विचाराल तर सांगता येणार नाही, कारण आमच्याकडे येळवशीला मोजून स्वयंपाक करण्याची पद्धतच नाही.

— — —

छत्रपती संभाजीनगरहून

आमच्या घरी रमजान ईदला माझ्या विभागातील चार मैत्रिणी आल्या होत्या. चौघीही वसतिगृहात राहणाऱ्या आणि त्यातल्या दोघी शाकाहारी होत्या. अम्मींनी आठ दिवस आधीच त्यांच्यासाठी नवे पातेले आणि नवा झारा आणून ठेवला. शीरखुर्म्याचा प्रश्न नव्हता, कारण दूध, शेवया, खारीक, चारोळी आणि पिस्ते सर्वांनाच चालतात. त्या दोघींसाठी बगारा खाना म्हणजे फोडणीचा मसालेदार भात, आंबट वरण आणि वांग्याचे सालन वेगळे केले. अडचण वेगळीच निघाली: वांग्याचे सालन इतके उत्तम झाले की बाकीच्या दोघींनी आणि माझ्या भावांनीही मटण बाजूला ठेवून त्यावरच हात मारला, आणि शाकाहारी मैत्रिणींना दुसऱ्यांदा वाढायला ते उरले नाही. वेगळे जेवण नेहमी सर्वांना पुरेल इतके करावे.

— — —

नांदेडहून

इंटर्नशिपच्या वर्षी लक्ष्मीपूजनाला आम्हा सहा जणांची रात्रपाळी होती. मी स्थानिक असल्यामुळे घरून सगळ्यांचे जेवण आणले. बासुंदी दुचाकीवरून आणताना अर्धी डिकीत सांडली. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी धड पोहोचली, आणि सहा जण कधीच एकत्र बसू शकणार नव्हते, तेथे तीच कामाला आली. पहाटे चारला जेवणाऱ्यालाही धपाटे मऊच मिळाले.

— — —

जालन्याहून

मी पाहुण्याच्या बाजूने लिहितो आणि थोडे कडू लिहितो, त्याबद्दल क्षमस्व. लोखंडाच्या कारखान्यात भट्टी सणासाठी थांबत नाही, म्हणून तीन दिवाळ्या मी येथेच काढल्या. चार घरांनी अगत्याने बोलावले आणि चारही घरांत चिवडा, लाडू, करंजी, चकली पुढे आली. वर्षभर मेसचे खाणाऱ्या माणसाला सणाच्या दिवशी गरम वरण-भात आणि त्यावर साजूक तूप हवे असते, हे कोणी लक्षात घेत नाही. पाचव्या घरच्या वहिनींनी "भाऊजी, काय खाणार?" असे सरळ विचारले. मी पिठले म्हणालो. त्यांच्या सासूबाईंना दिवाळीत पिठले पटले नाही, पण झाले. त्या घरी मी अजूनही जातो.

— — —

लातूरहून पुन्हा

जालन्याच्या भाऊंचे म्हणणे मला पटते आणि थोडे टोचतेही, कारण मीसुद्धा मुलांना न विचारताच पुरण ठरवले होते. यंदा विचारले. पाच जणांनी पुरणपोळीच सांगितली, तिघांनी वरण-भात आणि एकाने धपाटे. तिन्ही करणार आहे, आणि वरण-भात सर्वांना पुरेल इतका. जारचे पाणी आजच आणून ठेवले आहे. काकूंच्या सल्ल्याने डाळ रात्रीच त्याच पाण्यात भिजत घालीन. मुलांना मात्र बाराऐवजी दहालाच बोलावले आहे, पुरण वाटायचे शिल्लक ठेवून.