रेसिडेंट ईव्हिल: जुने-नवे भाग एकाच क्रमवारीत लावावेत का? आणि त्याआधी जुन्यांतले कोणते खेळू?

शेवटची_गोळी
नमस्कार मंडळी. आमच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये रेसिडेंट ईव्हिल या झॉम्बींच्या भीतीदायक व्हिडिओ गेम मालिकेच्या मुख्य भागांची क्रमवारी लावायची टूम निघाली आहे. प्रत्येकाने आपली यादी द्यायची आणि मग क्रमांकांची बेरीज करून सगळ्यांची मिळून एक यादी करायची. माझे खेळून झालेत ते असे: २ चा रीमेक, म्हणजे जुना गेम नव्याने बनवलेला (२०१९), ३ चा रीमेक (२०२०), ४ चा रीमेक (२०२३), शिवाय ७ आणि व्हिलेज (म्हणजे ८). म्हणजे सगळं नवंच.

दोघांचं म्हणणं, १९९६ पासूनचे जुने भाग न खेळता लावलेल्या यादीला काडीचा अर्थ नाही. तिसरा म्हणतो, जुने आता खेळवतच नाहीत, तळाशी टाका आणि मोकळे व्हा. मी अधांतरी.

तर सांगा, यादी एकच असावी की दोन? रीमेक आणि मूळ गेम एकच धरायचे का? आणि जुन्यांतले मोजकेच खेळायचे झाले तर कोणते? वेळ बेताचा आहे.

निवांत_नेमेसिस
लावा हो बिनधास्त. क्रमवारी म्हणजे काय कोर्टाचा निकाल आहे? भांडायला निमित्त हवं म्हणून तर ती लावायची. माझी घ्या: ४ (२००५), १ (२००२ चा), ७, २ (१९९८), आणि ६ सगळ्यात शेवटी. या आता अंगावर.

हिरवी_पाती
नेमेसिसराव, तुमच्याच यादीत बघा. १ चा रीमेक घेतलात, पण २ आणि ४ मात्र मूळ. म्हणजे रीमेक वेगळा गेम असतो हे तुम्ही मनोमन मान्य केलेलंच आहे. :)

शेवटची_गोळी, माझं मत: यादी एकच ठेवा, पण रीमेक आणि मूळ गेम यांना दोन स्वतंत्र जागा द्या. 'नवा आला म्हणून जुना बाद' हे या मालिकेत तरी चालत नाही, कारण रीमेक करताना नुसते ग्राफिक्स बदललेले नाहीत, खेळच बदललाय.

२ चंच घ्या. १९९८ च्या गेममध्ये लिऑन आणि क्लेअर या दोन मुख्य पात्रांचे ए आणि बी असे डाव आहेत. एकाच्या ए डावात तुम्ही जे करता त्याचा परिणाम दुसऱ्याच्या बी डावात दिसतो. पोलिस स्टेशनच्या तळघरात शस्त्रांच्या खोलीत एक मशीनगन आणि सामानाच्या जागा वाढवणारी एक पिशवी असते. पहिल्याने दोन्ही उचललं, तर दुसऱ्याला त्या कपाटात काही मिळत नाही. तिथे उभं राहून 'हे मी आत्ता घेऊ की पुढच्या डावातल्या माझ्यासाठी ठेवू' असा विचार करावा लागतो. २०१९ च्या रीमेकमध्ये ही गंमत नाही. दोन डाव आहेत, पण ते एकमेकांना जेमतेम ओळखतात.

उलट बाजूही आहे. मूळ गेममध्ये मिस्टर एक्स हा पाठलाग करणारा राक्षस फक्त बी डावात येतो आणि ठरलेल्या ठिकाणीच. रीमेकमध्ये तो स्टेशनभर तुमच्या मागावर असतो. वरच्या मजल्यावर त्याचे बूट वाजतात आणि खाली तुम्ही कोड्याचा आकडा विसरता. ही भीती १९९८ च्या गेममध्ये नव्हती. मग यातला 'खरा २' कुठला? मला दोन्ही यादीत हवेत, आणि शेजारी-शेजारी नसले तरी चालतील.

३ मध्ये तर फरक आणखी उघड आहे. १९९९ च्या गेममध्ये ऐन मोक्याच्या क्षणी चित्र थबकून दोन पर्याय समोर यायचे, आणि घाईत निवडलेल्या पर्यायानुसार पुढचा प्रसंग बदलायचा. रीमेकने ते पर्याय काढले. क्लॉक टॉवर आतून फिरता येत होता, तोही गेला. २०२० चा रीमेक खेळून '३ काही खास नाही' म्हणणारे मला सतत भेटतात. त्यांचं मत रीमेकपुरतं खरं असेल, मूळ ३ त्यांनी पाहिलेलाच नसतो.

दाराआड
हिरवी_पाती यांच्याशी अर्धा सहमत. रीमेक वेगळा धरा, मान्य. पण जुन्या गेमला 'त्या काळासाठी भारी होता' म्हणून वरचे गुण देऊ नयेत. यादी आज लावताय ना? मग आज तो गेम हातात घेतल्यावर काय होतं तेवढंच बघायचं. काळाची सूट द्यायची तर ६ लाही द्या की, त्याचाही एक काळ होता.

हिरवी_पाती
@दाराआड, सूट नकोच. पण जुनी गोष्ट आणि बिघडलेली गोष्ट यांत फरक करा. पहिल्या गेममध्ये प्रत्येक दार उघडताना अंधारात ते दार दाखवतात. लोडिंग लपवायला केलेली युक्ती होती ती, आणि आज ती कंटाळवाणी वाटली तर मी भांडणार नाही. ठरावीक जागी रोवलेल्या कॅमेऱ्याचं मात्र तसं नाही. तुम्ही बोळात शिरता, समोरचं वळण दिसत नाही, पण झॉम्बीचं कण्हणं ऐकू येतं. त्याला बघायचं तर तुम्हालाच पुढे पाऊल टाकावं लागतं. खांद्यामागच्या कॅमेऱ्यात हा प्रसंग उभाच राहत नाही, कारण तिथे मान वळवली की बोळ दिसतो. तुम्हाला तो कॅमेरा आवडत नसेल तर गुण कापा, पण 'तांत्रिक मर्यादा होती बिचाऱ्यांची' म्हणून कापू नका.

शाईफीत
वाद चालू द्या, मी कोणते खेळायचे ते सांगते.

जुन्यांतला एकच खेळायचा असेल तर १ चा २००२ चा रीमेक, तो २०१५ मध्ये एचडी स्वरूपात पुन्हा आला तो. कॅमेरा जुन्या पद्धतीचाच, पण चित्रं आजही देखणी, आणि नव्या पद्धतीचे कंट्रोल्स निवडायची सोय आहे. त्यात एक खट्याळपणाही आहे. १९९६ च्या गेममध्ये एका बोळात खिडकी फोडून कुत्रे आत येतात, आणि त्या प्रसंगाने भल्याभल्यांना खुर्चीतून उडवलं होतं. रीमेकमध्ये तुम्ही पहिल्यांदा तिथून जाता तेव्हा काचेला नुसता तडा जातो. जुने खेळाडू श्वास रोखून बसलेले, आणि कुत्रा नाहीच! तो येतो नंतर, गाफील असताना. रीमेक कसा करावा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा खेळायला जमलं तर १९९८ चा २. पहिले तिन्ही मूळ गेम २०२४ मध्ये जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर आले आहेत, त्यामुळे आजच्या पीसीवर फार खटाटोप न करता चालतात.

तिसरा, मूळ ४. तुमचा रीमेक झालाय म्हणून तर नक्कीच. मूळ गेममध्ये नेम धरला की पाय जागच्या जागी. चालता चालता गोळी मारता येत नाही. पहिल्या गावातच कळेल की सगळ्या गर्दीची चाल त्या एका नियमावर बेतलेली आहे: गावकरी धावत येतात, मग जवळ आल्यावर वेग कमी करतात, आणि तुम्ही ठरवायचं की अजून एक गोळी मारायची की पळायचं. रीमेकमध्ये चालता येतं आणि सुरीने करवतसुद्धा अडवता येते, म्हणून तिथले गावकरीही जास्त आक्रमक आहेत. दोन्ही खेळल्याशिवाय ४ च्या जागेवर वाद घालण्यात मजा नाही.

शेवटची_गोळी
वा, हे उपयोगाचं आहे. शाईफीत, एक शंका. टँक कंट्रोल्सबद्दल एवढं वाईट ऐकलंय की १९९८ च्या २ ला हात लावायची धास्ती वाटते. एचडी १ मध्ये नवे कंट्रोल्स घेतले तर काही गमावतो का?

शाईफीत
फार नाही, पण एक अडचण येते. टँक कंट्रोल्समध्ये 'वर' दाबलं की पात्र स्वतःच्या तोंडासमोर चालतं, कॅमेरा कुठेही असो. त्यामुळे पळता पळता कॅमेरा बदलला तरी तुम्ही सरळच पळता. नव्या पद्धतीत स्टिक ज्या दिशेला तिकडे पात्र, आणि कॅमेरा अचानक उलटा झाला की ऐन गडबडीत स्टिक सोडून पुन्हा धरली तर पात्र परत मागे, थेट झॉम्बीच्या मिठीत. दोन्ही वापरून बघा. एचडी १ टँकवर खेळलात तर १९९८ च्या २ साठी हात आपोआप तयार होईल.

वाचनमात्र_सध्या
कोड व्हेरोनिका (२०००) कुणीच काढला नाही? कथेच्या दृष्टीने तो मुख्य मालिकेतलाच आहे, नावात आकडा नाही म्हणून लोक विसरतात. यादीत घ्या. फक्त खेळणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की विमानात टायरंट नावाच्या राक्षसाशी गाठ पडते, आणि तोवर दारूगोळा उधळला असेल आणि सेव्हही तिथेच असेल तर पुढे जायची वाट बंद. पुढे मध्येच पात्रही बदलतं, त्यामुळे चांगली शस्त्रं खोक्यात ठेवत जा, अंगावर नको. गेम चांगला आहे, पण या बाबतीत निर्दयी आहे, आणि त्याबद्दल मी त्याचे गुण कापते. दाराआड यांना हे चालेल असं वाटतं.

दाराआड
चालेल की! वर पेढे देतो.

रकाने_आखणारा
यादी बाजूला ठेवून बेरजेबद्दल बोलू का? नुसती क्रमांकांची बेरीज केलीत तर न खेळलेल्या गेमचं काय करणार? शेवटचा क्रमांक द्याल, तर कमी लोकांनी खेळलेला गेम आपोआप तळाला जाईल. कोड व्हेरोनिका आणि ० (मालिकेचा पूर्वभाग) यांचा तिथेच बळी जाणार. जागा रिकामी सोडून सरासरी काढाल, तर उलटं होईल: जो गेम फक्त त्याच्या भक्तांनी खेळलाय तो उगाच वर.

सोपा उपाय म्हणजे जोड्या लावा. १९९८ चा २ आणि २०१९ चा २, दोन्ही खेळलेले किती जण आहेत, त्यातल्या किती जणांना कुठला जास्त आवडला. असं प्रत्येक जोडीचं करा. ज्याने दोन्ही खेळलेत त्याचंच मत मोजायचं. जास्त जोड्या जिंकणारा गेम वर. जुने न खेळलेल्यांनाही मग नव्या भागांपुरतं मत देता येतं आणि कुणाला तोंड बंद ठेवावं लागत नाही.

निवांत_नेमेसिस
हे केलं तर भांडण कशावर करायचं?

शेवटची_गोळी
५ वर करू, तो दोघांनी मिळून खेळायचा गेम आहे, एकट्याने खेळलेल्यांचं मत धरायचं का यावरून आजच दोघं जुंपलेत. :)

ठरलं. यादी एक, रीमेक वेगळे, मोजणी जोड्यांनी. ग्रुपला कळवलंय, कुरकुर करत का होईना तयार झालेत. मी एचडी १ घेतोय, टँक कंट्रोल्सनेच. खेळायला पात्र ख्रिस घेऊ की जिल?

शाईफीत
जिल. सामानाला आठ जागा मिळतात, ख्रिसला सहाच, आणि साधी कुलुपं ती तारेने उघडते. आणि रॉकेलची बाटली भरून ठेवत जा. मारलेला झॉम्बी जाळला नाही किंवा त्याचं डोकं उडवलं नाही, तर काही वेळाने तो लाल होऊन उठतो, आणि धावतो. जिलला लायटरही सामानातच बाळगावा लागतो, तेव्हा आठातली एक जागा गेलीच म्हणून समजा. सगळे जाळायला रॉकेल पुरत नाही. ज्या बोळातून रोज जायचंय तिथलेच जाळा.