ऑइल बदललं आणि गाडी खडखडायला लागली

ए-२०३ (गुरुवार, सकाळी ७.४०)
मंडळी, गाड्यांमधलं ज्यांना कळतं त्यांनी जरा मदत करा. मंगळवारी संध्याकाळी गाडीचं इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून आणला. काल हिंजवडीला जाऊन आले. येताना बॉनेटमधून आवाज सुरू झाला आणि आज सकाळी तर स्टार्ट केल्या केल्या मोठा येतोय. ऑइल बदलायच्या आधी असं काहीही नव्हतं. पेट्रोल गाडी, बाराशे सीसी, २०१६ ची. शनिवारी साताऱ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, उद्या पहाटे निघायचंय. आवाजाची क्लिप टाकतेय.

बी-५०१
टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या डोक्यातले व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा आवाज आहे ताई. नवीन ऑइलनंतर एक-दोन दिवस येतो, मग बसतो आपोआप. नाहीच बसला तर २०डब्ल्यू-५० टाका. जाड ऑइलने आवाज दबतो.

बी-२०४
माझ्या गाडीला सर्व्हिसिंगनंतर असाच यायचा. इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर नीट बसवलेलं नव्हतं, एक क्लिप गायब. दोन मिनिटांचं काम निघालं.

सेक्रेटरी
मध्येच सांगतो, आज ११ ते १ टाकी सफाई आहे. पाणी भरून ठेवा.

सी-१०२
अगं, गाडी आत्ता चालू आहे का? असेल तर आधी बंद कर. बाकीचं मग बोलू.

ए-२०३
बंद केली काका. ऑफिसला रिक्षाने जाते.

सी-१०२
छान केलंस. क्लिप तीनदा ऐकली, कानाला हेडफोन लावून. त्यात एक नाही, दोन आवाज आहेत. वरचा मोठा खडखडाट पातळ काहीतरी थरथरतंय असा आहे. तू रेस दिलीस तेव्हा तो कमी झाला. तो बी-२०४ म्हणतात तसा कव्हरचा असू शकतो, त्याची मला काळजी नाही. त्याच्या खाली बारीक टिक-टिक-टिक आहे, शिवणयंत्रासारखी, आणि रेसबरोबर ती जलद होते. ती इंजिनच्या डोक्यातून येतेय. मोठ्या आवाजामुळे ती पटकन कुणाला ऐकू येणार नाही.

तीन गोष्टी सांग. लाल ऑइलच्या कॅनचा दिवा कधी लागला होता का? ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिलीस का? गाडीखाली डाग आहे का?

ए-२०३
डाग नाही, अगदी वाकून पाहिलं. पट्टी नाही पाहिली. दिवा... काका, काल चांदणी चौकात वळताना एकदा लुकलुकला होता. दोन सेकंद असेल. नंतर गेला म्हणून मी सोडून दिलं.

सी-१०२
मग आता अजिबात चालू करायची नाही. मी खाली येतोय. तू जायच्या आधी पाच मिनिटं ये, पट्टी सोबत बघू.

बी-५०१
काका, डाग नाही म्हणजे लीक नाही ना? आणि ऑइल परवाच भरलंय, कमी कसं होईल?

ए-२०३ (८.१५)
फोटो टाकलाय बघा. काकांनी गाडी सपाटीला आहे ना ते आधी पाहिलं. मग पट्टी काढली, कापडाने पुसली, परत पूर्ण आत घालून काढली. दोन खुणांपैकी खालच्या खुणेच्याही खाली, अगदी टोकाला, थेंबभर लागलंय. बाकी पट्टी कोरडी. माझ्या पोटात गोळा आला.

सी-१०२
बी-५०१, तू विचारलंस ते बरोबर विचारलंस, म्हणून सविस्तर सांगतो. मी दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होतो, तिथे हे वरचेवर पाहायला मिळायचं.

तो दिवा ऑइल किती आहे ते दाखवत नाही, ऑइलचा दाब दाखवतो. ऑइल लिटरभर कमी झालं तरी सरळ रस्त्यावर दिवा गप्प राहतो, कारण पंपाला ओढायला पुरेसं मिळत असतं. गाडी वळणावर गेली की इंजिनच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाचं तोंड क्षणभर उघडं पडतं आणि ऑइलऐवजी हवा ओढली जाते. चांदणी चौकात नेमकं हेच झालं. दिवा लागून विझला म्हणजे संपलं असं समजू नका. चालू गाडीत तो एकदा जरी लागला तरी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि पट्टी पाहायची. घर दोन किलोमीटरवर असलं तरी चालवत आणायची नाही. बेअरिंगं जायला तेवढं पुरतं.

आणि टिक-टिक कशाची? ऑइल वंगण तर आहेच, पण आजकालच्या बऱ्याच इंजिनांत टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या साखळीचा ताण ऑइलच्या दाबावर धरलेला असतो. काहींत टॅपेटसुद्धा दाबानेच सैलपणा भरून काढतात. दाब पडला की ते सगळं सैल होतं आणि वाजायला लागतं. म्हणून म्हटलं, आवाज दाबायच्या मागे लागू नका. तो आपल्याला सांगतोय.

फिल्टर बदलल्यावर पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद आवाज येतो, कारण नवा फिल्टर रिकामा असतो, तो भरेपर्यंत वर ऑइल पोचत नाही. तेवढं चालतं. एक-दोन दिवस येणारा आवाज चालत नाही.

डी-३०१
टोरोंटोहून लिहितोय, इथे आता रात्र आहे. २०डब्ल्यू-५० बद्दल एक सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्याचा, नंतरचा आकडा १०० अंशांना ते किती दाट राहतं त्याचा. इकडे उणे २० ला २०डब्ल्यू-५० असेल तर इंजिन फिरवतानाच जड जातं. पुण्यात तेवढी थंडी नाही, पण २०१६ च्या इंजिनातल्या ऑइलच्या वाटा अरुंद असतात. जाड ऑइल सकाळी वर पोचायला वेळ घेतं आणि झीज तेव्हाच होते. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापलाय तोच घाला.

बी-५०१
पटलं. मी जुन्या गाडीचा अनुभव सांगत होतो. ताई, तुमच्या बिलावर ग्रेड काय लिहिलाय?

ए-२०३
नुसतं "इंजिन ऑइल ३ लि., फिल्टर १". ग्रेड नाही, कंपनी नाही. मी उभी होते तिथे, पण फोनवर होते. माझ्याकडूनही पाहायचं राहिलं.

सी-१०२
ग्रेड, किती घातलं आणि किलोमीटर, हे तिन्ही बिलावर लिहून घ्यायचं. सगळ्यांनीच.

आता गाडी गॅरेजला चालवत न्यायची नाही, फिटर इथे बोलवू. माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, नाना पेठेतून फिल्टर आणि ऑइल घेऊन दुपारी येतो म्हणालाय.

बी-२०४
काका, पण ऑइल गेलं कुठे? खाली तर फरशी स्वच्छ आहे.

सी-१०२
तेच बघायचंय. तुमच्या त्या कव्हरवर माझा संशय आहे.

ए-२०३ (दुपारी ३.२०)
मी हाफ डे घेऊन आले. जे पाहिलं ते सगळं लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

फिटरदादांनी गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले आणि आधी खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायला घेतलं. दोन क्लिप नव्हत्याच, मागचा बोल्ट नुसता अडकवलेला. खडखडाट तिथला. कव्हर एका बाजूने खाली आलं आणि आतून ऑइल ओघळलं. मधाच्या रंगाचं, नवंकोरं. कव्हरच्या खोलगट भागात साचून राहिलेलं. म्हणून फरशीवर थेंब नव्हता! बाकीचं मी हिंजवडीच्या रस्त्यावर सांडत आले असणार.

चेंबरचा ड्रेन बोल्ट कोरडा होता. फिल्टरच्या कडेने मात्र ओल. दादांनी फिल्टर फिरवून काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर रबराची रिंग होती ती एक. मग टॉर्च मारून इंजिनची बाजू दाखवली, तिथे दुसरी रिंग. जुन्या फिल्टरची, चपटी झालेली, प्लॅस्टिकसारखी कडक. जुना फिल्टर काढताना ती इंजिनलाच चिकटून राहिली आणि कुणी न बघता तिच्यावर नवा फिल्टर बसवला. नखाने उचकटली तर दोन तुकडे झाले.

सी-१०२
रिंगवर रिंग. उभ्या गाडीत ती तग धरते, म्हणून गॅरेजमध्ये स्टार्ट करून पाहिलं तरी कळत नाही. रस्त्यावर इंजिन फिरलं, दाब वाढला की वरची रिंग सरकते आणि ऑइलला वाट मिळते.

मुलगा काम कसं करतो ते मी उभा राहून पाहिलं. बसायची जागा फडक्याने पुसली, नव्या रिंगला बोटाने ऑइल लावलं, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवला आणि मग पाऊण फेरा. पान्याने आवळला नाही. असं काम बघितलं की बरं वाटतं.

डी-३०१
इंजिनला काही झालं नाही ना?

ए-२०३
तीच भीती होती. चेंबरमधलं उरलेलंही काढून टाकलं, कारण ग्रेड माहीत नव्हता. काकांनी त्यातलं थोडं पांढऱ्या टिश्यूवर घेतलं आणि उन्हात धरून तिरकं-तिरकं करून पाहिलं. धातूची चकाकी दिसते का म्हणून. मीही पाहिलं. काही नव्हतं, नुसता पिवळसर डाग. बेअरिंग घासलं असतं तर चंदेरी कण दिसले असते म्हणाले.

मग मॅन्युअलमधला ग्रेड, मॅन्युअलमधलं माप. आधी थोडं कमी घातलं, पट्टी पाहिली, मग थोडं थोडं वरच्या खुणेपर्यंत. त्याच्या वर नाही. जास्त झालं तर क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा दांडा, त्यात घुसळतो, फेस होतो आणि फेसाने दाब धरत नाही, म्हणजे पुन्हा तोच आवाज.

स्टार्ट केल्यावर तीन सेकंद टिक-टिक आली आणि थांबली. काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. आम्ही कुणी बोललो नाही. मग मूठ माझ्या कानाला लावायला दिली. आत एकसारखी घरघर होती, बस. शिवणयंत्र नव्हतं.

बी-५०१
त्या गॅरेजला सांगितलंत का?

ए-२०३
दोन्ही रिंगा आणि फोटो घेऊन गेले होते. मालकाने पाहिलं, मान्य केलं, पैसे परत दिले. नाव ग्रुपवर टाकत नाही.

सेक्रेटरी
कृपया सांडलेलं ऑइल धुवून गटारात सोडू नका. वॉचमनकडे लाकडाचा भुसा ठेवलाय, तो पसरून झाडून घ्या. तिथून मुलं सायकली नेतात, घसरतील.

ए-२०३
भुसा टाकून झाडलं. जुनं ऑइल दादा कॅनमध्ये भरून घेऊन गेले, गॅरेजमधल्या पिंपात जमा होतं आणि तिथून ते घेणारे नेतात.

सी-१०२
आज रात्री इंजिनखाली पुठ्ठा पसरून ठेव. कव्हर उद्या पहाटे बसवू, मी साडेपाचला खाली असतो. आता ते बसवलं तर परत काही दिसणार नाही.

बी-२०४
काका, साडेपाचला थंडी असते, स्वेटर घाला.

ए-२०३ (शुक्रवार, सकाळी ५.५०)
पुठ्ठा कोरडा. पट्टी वरच्या खुणेला. कव्हर चारही क्लिपांसकट बसलं. निघतेय.

सी-१०२
खंबाटकीच्या आधी एकदा थांब. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ दे, मग पट्टी.

ए-२०३ (७.२०)
शिरवळला थांबले काका. दहा मिनिटांनी पाहिलं. पहाटे जिथे होतं तिथेच आहे.