अप्पांना 'पीएफ ऑफिस'मधून फोन येलालेत, काय करावं?

अशोकचौक_ते_पुणे: मी पुण्यात, अप्पा सोलापुरात एकटेच. मिलमधून रिटायर, ईपीएसची (पीएफ ऑफिसातून मिळणारी) पेन्शन चहापाण्यापुरती पण एफडी बऱ्यापैकी आहे. मागच्या आठवड्यात फोन आला की पीएफ ऑफिसातून बोलतोय, हयातीचा दाखला संपलाय, ओटीपी सांगा नाहीतर पेन्शन बंद. चष्मा सापडेना म्हणून ओटीपी राहिला, नशीब! दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर व्हिडिओ कॉल, खाकीतला माणूस, तुमच्या आधारवर सिम काढून मनी लाँडरिंग झालंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही आणि घरात कुणाला सांगायचं नाही. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या म्हणून कट झाला. मला हे काकूंकडून कळलं, अप्पा अजून चकार शब्द बोलले नाहीत. साधा फोन देऊ का? भजनी मंडळाचा ग्रुप जाईल म्हणून भांडतील ते.

रिटायर्ड_कॅशियर: साध्या फोनवर कॉल यायचे थांबतात का? राहू द्या तो. ईपीएसवाल्यांना सरकारी पेन्शनवाल्यांसारखं नोव्हेंबरातच दाखला द्यायचं बंधन नाही, दाखला ज्या दिवशी दिला तिथून १ वर्ष चालतो. ती तारीख पासबुकावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, मग 'संपलाय' म्हणणाऱ्याला अप्पाच उत्तर देतील. आणि दाखला बोटाच्या ठशावर किंवा चेहरा दाखवून निघतो, फोनवर ओटीपी मागून कुणी अधिकारी काढून देत नाही. पोस्टमन घरी येऊन करतो. मिलवाल्यांचे, विडीवाल्या बायकांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, तेव्हा चेहऱ्याचंच करा.

जुळेसोलापूरकर: व्हिडिओ कॉलवर असं अडकवून ठेवतात त्याला ते डिजिटल अरेस्ट म्हणतात, असली भानगड कायद्यातच नाही भावा, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मन की बातमध्ये पण सांगितलं. आमच्या मामांनी ते ऐकलेलं, तरी फोन आला तेव्हा हातपाय गार, कारण समोरच्याने आधार नंबर बरोबर सांगितला. अडाणी माणूसच फसतो असं काही नाही, उलट जन्मभर सरकारी कागदाला मान दिलेली माणसं जास्त घाबरतात. अप्पांना ओरडू नको, ओरडलास तर पुढचा फोन पण लपवतील. एवढंच पक्कं कर की 'कुणाला सांगू नका' म्हणला की फोन ठेवायचा आणि काकूंचं दार वाजवायचं.

अशोकचौक_ते_पुणे: ओरडलो की आधीच 😐 बरं एफडीचं काय?

रिटायर्ड_कॅशियर: ही चोरटी मंडळी एफडीच मोडायला लावतात. एफडी ज्या बँकेत आहे तिथलं नेटबँकिंग, यूपीआय अर्ज देऊन बंद करा. किराणा-औषधाला वेगळं खातं, त्यात थोडेच पैसे.

सायबरकॅफेवाला: आधारचं बायोमेट्रिक लॉक पण करा, फुकट आहे.

जुळेसोलापूरकर: कर, पण दाखल्याच्या दिवशी उघडायला विसरू नको, नाहीतर ना ठसा चालणार ना चेहरा आणि पोस्टमन परत जाईल.

सायबरकॅफेवाला: हो ते खरंय. आणि पैसे गेलेच तर पोलीस स्टेशन शोधत बसायचं नाही, आधी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. पैसे गेले नसतील तर तो नंबर संचार साथी या सरकारी साइटवर 'चक्षु'मध्ये टाकायचा, संशयित कॉलची तक्रार तिथं होते. काकूंच्या फोनमध्ये पण १९३० सेव्ह करून दे.

अशोकचौक_ते_पुणे: शनिवारी येलालोय, आधी बँक, मग काकूंकडे जातो. नंबर आत्ताच चक्षुवर टाकला.