सकाळच्या पहिल्या सेल्फला गाडी उठत नाही, पेट्रोलचा पंपच बदलायचा का?

गोरेगावकर:
2014 ची पेट्रोल हॅचबॅक, वर सिक्वेन्शियल सीएनजी किट. रात्रभर उभी राहिली की सकाळी सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो, तोही दोनदा. नंतर दिवसभर अर्ध्या सेल्फला उठते. बॅटरी नवी, प्लग नवे, स्कॅनरवर एकही एरर कोड नाही. मेकॅनिक थेट पंप बदला म्हणतोय. त्याआधी काय बघावं?

दहाचा पाना:
थांबा, आधी फुकटची तपासणी करा. सकाळी चावी फक्त ऑनवर न्या. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर येईल. ती थांबली की चावी बंद. असं चार वेळा करून मग सेल्फ मारा. लगेच उठली तर पंप प्रेशर बनवतोय, पण रात्रीत ते उतरतंय. घरघरच आली नाही तर फ्यूज बघा आणि पंपाला करंट देणारा रिले शेजारच्या तशाच रिलेशी बदलून पाहा.

पुढची पायरी प्रेशर गेजची. अशा गाड्यांत प्रेशर साधारण 3 बार असतं, पण तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा खरा धरा. पाइप सोडण्याआधी गाडी पेट्रोलवर चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढा आणि ती आपोआप बंद पडू द्या. सीएनजीवर असेल तर ती बंदच पडणार नाही आणि पाइपात प्रेशर तसंच राहील! हे काम बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका. मोकळ्यावर करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, अग्निशामक जवळ ठेवा. गेज बसल्यावर फ्यूज आणि बॅटरी परत जोडायची.

टाकीकडून येणाऱ्या पाइपवर कॉक आणि त्याच्या पुढे, रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या) बाजूला गेज. प्रेशर भरा, पंप थांबू द्या, घड्याळ लावा. काटा भराभर उतरला तर पुन्हा प्रेशर भरून लगेच कॉक बंद करा. आता काटा टिकला तर गळती टाकीच्या बाजूला, म्हणजे पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल टाकीत परत जाऊ न देणारी झडप) किंवा प्रेशर नेमकं राखणारा रेग्युलेटर. तरीही उतरला तर इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गळतायत.

सीएनजीवाला:
इंजेक्टर गळत असेल तर वरची चावीची युक्ती उलटी पडते, सिलिंडरमध्ये पेट्रोल आणखी साचतं. उठताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो का बघा. येत असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या वेळी पेट्रोल तोडतात, म्हणून गाडी उठते.

किट आहे म्हणून आणखी एक: गॅसचे इंजेक्टर रात्री झिरपले तर मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) गॅस साचतो आणि सकाळी हीच तक्रार येते. संध्याकाळी सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधला गॅस संपून गाडी पेट्रोलवर येईपर्यंत चालवा, मग उभी करा. सकाळी पटकन उठली तर पेट्रोलच्या पंपाचा काही दोष नाही.

आणि टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून महिनोन्‌महिने गॅसवर फिरणं बंद करा राव. बऱ्याच किटमध्ये गॅसवरही पंप फिरतच असतो आणि तो थंड राहतो तो पेट्रोलमुळेच. पाव टाकी ठेवा, आठवड्यातून आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यानंतर संशय आला तर टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करायची.

मल्टिमीटर:
प्रेशर मुळातच कमी दाखवलं तर पंप फिरत असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर आधी अर्थिंग आणि पिना बघा. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्या हिरव्या पडतात आणि चांगला पंप बळी जातो.

गोरेगावकर:
सिलिंडर बंद ठेवून पाहिलं, फरक नाही. चार वेळा चावी दिल्यावर मात्र लगेच उठली. गेजवर 3 बार, दहा मिनिटांत 0.8. कॉक बंद केल्यावर 2.9 वर टिकून.

दहाचा पाना:
मग इंजेक्टर निर्दोष सुटले, दोष टाकीतल्या पंप-रेग्युलेटरच्या मॉड्यूलमध्ये. उघडल्यावर आधी रेग्युलेटरची ओ-रिंग आणि आतला पाइप बघा, चिरलेला सापडला तर काम थोडक्यात होतं. दोन्ही ठीक असतील तर चेक व्हॉल्व्ह. तो बहुधा पंपातच असतो, तेव्हा मेकॅनिक चुकीचा नाही. फक्त कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातला वापरलेला पंप घेऊ नका, आणि झाकणाचं सील नवंच टाका.