नोकरी सोडून फ्रीलान्सिंग: काम मिळेल हो, पण निवांतपणा मिळतो का?

सांजवेळ:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी टेक्निकल रायटर, ऑफिस हिंजवडीत आणि घर धायरीत, म्हणजे हायवेवर रोज आयुष्य कसं जातं ते पुणेकरांना सांगायला नको. लेक चौथीत, नवऱ्याची नोकरी आहे, घराचे हप्ते चालू. नोकरी सोडून फ्रीलान्स करावं असं खूप दिवस डोक्यात आहे. अपेक्षा फार नाहीत हो, सकाळी टेकडीवर जाऊन यावं, पोरगी शाळेतून येते तेव्हा घरात असावं आणि डिसेंबरात सवाईला जायला कुणाकडे रजा मागायला लागू नये. पण माझी एक मैत्रीण फ्रीलान्स करते आणि ती जेवताना पण लॅपटॉप उघडाच ठेवून बसते, त्यामुळे आगीतून फुफाट्यात असं होईल का याची भीती वाटते. ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा. पैशांचं, टॅक्सचं काय बघायचं तेही सांगा.

खडूस_काका:
सोडा की, पण राजीनाम्याच्या आधी स्वतःची हेल्थ पॉलिसी काढा. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, आणि बीपी, शुगर, थायरॉईड काही असेल तर नव्या पॉलिसीत वेटिंग असतं, म्हणजे तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही, आता जास्तीत जास्त ३ वर्षं, ते पगार येतोय तोवर सुरू झालेलं बरं. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी पण सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. दुसरं, लोनचा टॉपअप वगैरे काही करायचं असेल तर आत्ताच. नंतर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते आणि तुमच्याकडे सॅलरी स्लिप नसली की साहेबांचा चेहरा बदलतो.

शब्दहमाल:
मी भाषांतर करते, साताऱ्यात असते, नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. ताई, वेळ आपोआप मिळत नाही गं, तो रेटमध्ये धरावा लागतो. नवीन माणूस काय करतो, पगाराला महिन्याच्या १६० तासांनी भागतो आणि तोच रेट सांगतो. पण १६० तासांचं बिल कधीच होत नाही, मेल, कोटेशन, सॅम्पल, "मॅडम जरा छोटासा बदल", पैशांसाठी पाठपुरावा, यातच निम्मा वेळ जातो. ८० तासांचं बिल होईल असं धरून रेट काढ, वर पीएफ, विमा, सुट्ट्या त्यात घाल. आकडा ऐकून काही जण पळतील. पळू देत, नाहीतर त्यांच्याच कामात रात्री बारा वाजतात आणि तुझी गत त्या लॅपटॉपवाल्या मैत्रिणीसारखी होते.

दुसरं म्हणजे सुट्टी कॅलेंडरमध्ये आधी टाकायची आणि उरलेल्या जागेत काम घ्यायचं. माझा मंगळवार बंद. क्लायंटला कारण सांगत नाही, मंगळवारी उपलब्ध नाही एवढंच, आजवर कुणी का म्हणून विचारलेलं नाही. सप्टेंबरात कासला मंगळवारी जाते, शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग बघायला जायचं का फुलं!

आणि खरा त्रास क्लायंटचा नाहीच, घरच्यांचा आहे. "तू काय घरीच असतेस" हे वाक्य तयार ठेव. शेजाऱ्यांचं कुरिअर तू घ्यायचं, सिलेंडरवाल्याला दार तू उघडायचं, नणंदेच्या मुलाला क्लासला तू सोडायचं. मी मागच्या खोलीचं दार लावून घेते आणि दोनपर्यंत बेल वाजली तरी उठत नाही, सासूबाईंना पहिले काही महिने राग आला, आता त्याच लोकांना सांगतात "ती कामावर आहे".

आकडेमोड:
टॅक्सचं थोडक्यात. भारतातली कंपनी प्रोफेशनल फी म्हणून पैसे देताना १० टक्के टीडीएस कापते, म्हणजे एक लाखाच्या बिलाचे ९० हजारच हातात, बाकीचे रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतात किंवा परत येतात, पण तोवर घरखर्च त्या ९० मध्येच बसवायचा. वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज नाही. जुन्या इन्कम टॅक्स कायद्यातलं ४४एडीए कलम म्हणजे मिळालेल्या पैशांतली निम्मी रक्कम उत्पन्न धरून टॅक्स भरायची सोय, ती ठरावीक व्यवसायांनाच आहे, तुमचं काम त्यात बसतं का ते सीएला विचारा, व्हॉट्सॲपवर नको.

सगळ्यात महत्त्वाचं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. मग कंपनीला तुमचे पैसे १५ दिवसांत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर केला तर तो खर्च त्यांना पैसे देईपर्यंत टॅक्समध्ये दाखवता येत नाही, म्हणून मार्च आला की त्यांचा अकाउंट्सवालाच फोन करतो. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा.

परत_ऑफिसात:
थोडा उलटा सूर लावतो. मी डिझायनर, फ्रीलान्स करून परत नोकरी धरली आणि मजेत आहे. अमेरिकेतला क्लायंट होता, त्यांची सकाळ म्हणजे आपली रात्रीची साडेसात-आठ, ऐन जेवणाच्या वेळी मीटिंग. पैसे छान होते पण पोरं झोपायच्या आत कधी मोकळा झालो नाही. आता सहाला निघतो आणि नंतर फोन बघत नाही. फ्रीलान्सच करायचं तर युरोपातलं काम बघा, त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेबारा-दीड, सगळी सकाळ तुमची. ऑगस्टात निम्मे लोक तिकडे सुट्टीवर असतात, तेव्हा काम कमी आणि पैसेही कमी, ते आधीच धरून चाला. आणि पोरगी शाळेतून येईल तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये असाल, तेही बघा.

डचमराठी:
इकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आमच्या टीममध्ये चार दिवसच काम करणारे कितीतरी आहेत, बाप लोकसुद्धा, त्या सुट्टीच्या दिवसाला 'पापादाख', म्हणजे बाबांचा दिवस म्हणतात. इथल्या २०१६ च्या कायद्याने तास कमी करून मागायचा हक्कच आहे. तुमच्याकडे कायदा नाही पण मागायला काय जातं? चार दिवस काम, त्या प्रमाणात पगार, राजीनाम्याच्या आधी एकदा विचारा. नाही म्हटले तर आहेच की तुमचा राजीनामा.

सांजवेळ:
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीय. पॉलिसीसाठी दोन कंपन्यांचे कोट मागवलेत. शब्दहमाल ताई, ८० तासांनी भागून बघितलं, आकडा तोंडातून बाहेर पडेना, नवरा म्हणाला आरशासमोर प्रॅक्टिस कर 😅 चार दिवसांचं मॅनेजरशी अप्रेझल झाल्यावर बोलणार, आधी बोलले तर रेटिंगच जाईल. आकडेमोड, उद्यमला घरचा पत्ता चालतो का? घर नवऱ्याच्या नावावर आहे.

आकडेमोड:
चालतो. आधार आणि पॅन लागतं, कागद अपलोड करायला लागत नाहीत. फुकट आहे, पैसे मागणारी साईट उघडली तर ती बंद करा, सरकारी पोर्टल वेगळं आहे.