१९७६चं ब्रिस्बेन आणि 'द सेंट्स': लंडनच्या आधी पंक तिथे पोचलं कसं?

तुटकी_तार

मंडळी, कोथरूडात आमचा चौघांचा बँड आहे. (गिटारवाला, लग्नातला नव्हे. आजीला अजून पटलेलं नाही.) परवा आमच्या ड्रमरने गाडीत एक पंक गाणं (म्हणजे वेगवान, धसमुसळं रॉक) लावलं, 'द सेंट्स' या बँडचं 'आयम स्ट्रँडेड'. मी छातीठोकपणे सांगितलं, लंडन, १९७८. निघालं ब्रिस्बेन, सप्टेंबर १९७६! म्हणजे लंडनच्या डॅम्ड बँडचं 'न्यू रोझ' ऑक्टोबरात आलं त्याच्याही आधी, आणि तिथल्याच सेक्स पिस्टल्सचं पहिलं सिंगल (छोटी रेकॉर्ड) तर नोव्हेंबरातलं. पैजेची मिसळ गेली ती गेली, पण गाणं काही डोक्यातून जात नाही.

ब्रिस्बेन म्हटलं की मला फक्त गाबा आठवतं. तिथल्या पोरांना हे सुचलं कुठून? आणि इतक्या आधी करूनही रॅमोन्सच्या टीशर्टशेजारी यांचा टीशर्ट फर्ग्युसन रोडवर का लटकत नाही?

खवचट_खारूताई

लटकत नाही ही त्यांची पुण्याई समज. रॅमोन्सचा शर्ट घालून आलेल्या माझ्या भाच्याला म्हटलं, यांचं एक तरी गाणं सांग. तर म्हणे, "मावशी, हा ब्रँड आहे, बँड नाही."

ब्रिस्बेनवाले काका आहेत ना इथे? शेंगदाणे घेऊन बसले आहे.

डोंबिवलीकर_४०००

हजर. काल रात्रपाळी होती, आत्ता डोळे उघडले.

सतरा वर्षं ब्रिस्बेनला आहे, लिफ्टदुरुस्तीच्या कामात. संगीतातला जाणकार नाही, पण ज्या रस्त्यांवरून हे गाणं आलं त्यांवर रोज व्हॅन चालवतो. तेवढ्या अधिकारावर लिहितो.

आधी तो महिन्याभराचा हिशोब सोड, ते रेकॉर्ड जमवणाऱ्यांचं भांडण आहे. खरी गोष्ट अशी की ही पोरं १९७३-७४पासून एकत्र वाजवत होती. सुरुवातीला नाव होतं 'किड गॅलाहॅड अँड द इटर्नल्स', नशीब बदललं ते. लंडनची नक्कल करावी, तर लंडनमध्ये तेव्हा नक्कल करण्यासारखं काही नव्हतंच. यांच्या कानात मिशिगनचे स्टूजेस, एमसी फाइव्ह हे बँड आणि जुनं रॉक अँड रोल. ते त्यांनी दुप्पट वेगात आणि दुप्पट वैतागून वाजवलं.

गाणारा क्रिस बेली. जन्म केनियातला, लहानपण बेलफास्टचं, मग इनाला. हे इनाला म्हणजे शहराच्या नैर्ऋत्येला महायुद्धानंतर वसवलेली सरकारी घरांची वस्ती. आता तिथे व्हिएतनामी बाजार आहे, भेंडी, कारली, कढीपत्ता घ्यायला आम्ही दर शनिवारी जातो. ऊन रणरणतं, रस्ते रुंद आणि रिकामे, आणि दुपारी तीन वाजता करण्यासारखं काहीही नाही. बाजार नव्हता तेव्हा काय असेल! बेलीचा आवाज ऐक. तो ओरडत नाही, कंटाळलेला आहे. जांभई देता देता शिवी घालावी तसा गातो. मला तो आवाज इनालाच्या दुपारचा वाटतो.

गिटारवर एड क्युपर, जन्म जर्मनीतला. ड्रम्सवर आयव्हर हे, बासवर किम ब्रॅडशॉ.

आता तुझं "सुचलं कुठून". माझं मत विचारशील तर कोंडल्यामुळे. १९६८ ते १९८७ क्वीन्सलँडचा, म्हणजे ब्रिस्बेन ज्यात येतं त्या राज्याचा, प्रीमियर (आपल्याकडचा मुख्यमंत्री) होता जो ब्येल्क-पीटरसन. पोलिसांची स्पेशल ब्रँच लोकांच्या फायली ठेवायची. सप्टेंबर १९७७मध्ये तर त्याने रस्त्यावरचे राजकीय मोर्चेच बंद केले, आणि ऑक्टोबरात एका दिवसात चारशेच्या वर लोक उचलले. ('स्ट्रँडेड' निघालं तेव्हा आपल्याकडेही आणीबाणीच होती म्हणा.) आमच्याकडे एक म्हातारा फिटर होता, गेल्या वर्षी रिटायर झाला. तेव्हा तो सोळा वर्षांचा. केस खांद्यापर्यंत, म्हणून पोलीस थांबवून खिसे उलटे करायला लावायचे, कधी कधी आठवड्यातून दोनदा. मी मोठ्या आशेने विचारलं, सेंट्सना ऐकलं होतंस का रे? म्हणाला, "छे, मी ते स्वीडनचं 'आबा' ऐकायचो." १९७६चं खरं ऑस्ट्रेलिया ते.

सेंट्सना वाजवायला जागा मिळेना. मग पेट्री टेरेसवर, जिथे ते राहत होते, त्या घराचाच क्लब केला आणि त्याला '७६ क्लब' नाव दिलं. जवळच पोलिसांच्या बराकी, याला म्हणतात जागेची निवड! आज त्या बराकींत मल्टिप्लेक्स आणि रेस्टॉरंटं आहेत. तिथल्या लिफ्टपाशी काम निघालं की मी मनातल्या मनात ते गाणं लावतो.

'स्ट्रँडेड' त्यांनी स्वतःच्या खर्चाने काढलं. इथल्याच वेस्ट एंड भागातल्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, फेटल रेकॉर्ड्स हे घरचं लेबल, ५०० प्रती. इथल्या कंपन्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मग पोस्टाने प्रती परदेशी गेल्या, लंडनच्या 'साउंड्स' या संगीत साप्ताहिकाने त्याला या आणि प्रत्येक आठवड्याचं सिंगल ठरवलं, आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या लंडन ऑफिसातून सिडनीला निरोप आला, यांना करारबद्ध करा. घरची कोंबडी डाळीसारखी, ती बाहेरच्याने चाखल्यावर चव कळली. व्हिडिओ जरूर बघ. पडीक घर, शेकोटीच्या वर लाल रंगात गाण्याचं नाव फासलेलं, आणि पुढे चार मुलं अशी उभी की बस चुकली आहे.

टीशर्ट न लटकण्याचं कारणही यातच आहे. १९७७च्या मध्यात लंडनला पोचले तेव्हा तिथे पंकचा गणवेश शिवून तयार होता. कंपनीला हवे होते टोकदार केस आणि फाटके कपडे. हे साध्या शर्टात, लांब केसांत, बेली जरा गुबगुबीत. नाही म्हणाले. 'धिस परफेक्ट डे' हे गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत ३४व्या क्रमांकापर्यंत गेलं, टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्येही दिसले. मग १९७८च्या 'इटर्नली युअर्स' या दुसऱ्या मोठ्या रेकॉर्डमध्ये यांनी चक्क ट्रम्पेट-सॅक्सोफोन घातले! 'नो युअर प्रॉडक्ट' ऐक, तुझ्या आजीला एकदाचं पटेल की हा लग्नाचाच बँड आहे. पंकवाले रुसले. त्याच वर्षी तिसरी, 'प्रीहिस्टॉरिक साउंड्स', माझी सगळ्यात लाडकी, संथ आणि मळभासारखी. ती कुणी विकत घेतली नाही आणि ही मूळ जोडी फुटली. बेली नाव घेऊन पुढे गेला, क्युपरने लाफिंग क्लाउन्स हा बँड काढला. बेली २०२२मध्ये गेला.

मागे राहिलेल्या ब्रिस्बेनमध्ये मात्र पीक आलं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिसेंबर १९७५मध्ये सुरू केलेलं फोर-ट्रिपल-झी रेडिओ स्टेशन होतं, ते विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे खानावळीत, कार्यक्रम लावायचं. रेझर नावाच्या पोरांनी थेट पोलिसांच्या 'टास्क फोर्स'वर गाणं केलं. टूवाँग या उपनगरातल्या एका रेकॉर्डच्या दुकानातून एबल लेबल निघालं. त्याच लेबलवर गो-बिटवीन्स या बँडचं पहिलं सिंगल आलं, १९७८. त्यांच्या नावाचा आता नदीवर पूल आहे. टोल भरतो मी त्यांना.

पॅरामॅटाची_पोळी

काका, सुंदर लिहिलंत, पण सिडनीला पुसून टाकलंत! रेडिओ बर्डमन हा बँड १९७४पासून इथे वाजवत होता. गिटारवाला डेनिझ टेक मिशिगनचा, इथे डॉक्टरकी शिकायला आलेला, म्हणजे स्टूजेसच्या गावाकडचाच माणूस. टेलर स्क्वेअरचा ऑक्सफर्ड फनहाउस हा वाजवण्याचा अड्डा त्यांनीच चालवला. सेंट्सना सिडनीत आल्यावर मंच मिळाला तोही एप्रिल १९७७मध्ये पॅडिंग्टन टाउन हॉलला, बर्डमनबरोबरच.

डोंबिवलीकर_४०००

पोळीताई, मान्य. बर्डमन वाजवायचे झकास. पण त्यांचा बिल्ला, त्यांचे दंडावरचे पट्टे, ती शिस्त! मला एनसीसीचा कँप आठवतो. एका मंचावर आले तेव्हा दोघांचं जमलं नाही ते उगाच नाही. तुम्ही त्यांची बाजू वेगळ्या धाग्यात मांडा, मी भांडायला येतो.

तुटकी_तार

काका, दंडवत. तिन्ही रेकॉर्ड ऐकली. 'प्रीहिस्टॉरिक' अजून पचली नाही, पुन्हा ऐकतो.

काल आम्ही 'स्ट्रँडेड' बसवायला घेतलं. कॉर्ड सोपे आहेत हो, पण हात थांबतच नाही. दीड मिनिटात माझं मनगट गेलं. त्यात क्युपर एकही जागा रिकामी सोडत नाही, त्यामुळे चुकलो तरी लपायला कोपरा नाही. दुसऱ्यांदा वाजवताना खालच्या मजल्यावरचे काका वर आले. सोसायटीचा हॉल मागितला होता, सेक्रेटरींनी भजनी मंडळाचं बुकिंग आहे म्हणून सांगितलं. सात दिवस?

डोंबिवलीकर_४०००

मनगट आठवड्यात सरावेल. हॉल काही मिळायचा नाही, घरीच वाजवा. पोलीस चौकी किती लांब आहे रे?

तुटकी_तार

चालत चार मिनिटं.

खवचट_खारूताई

झालं, क्लबची जागा ठरली.