निकॉन झेडवर जुन्या लेन्स वापराव्यात का?

प्रश्न : मी निकॉनचा डी-७५० हा आरसा असलेला कॅमेरा सोडून झेड-६ हा बिनआरशाचा (मिररलेस) कॅमेरा घेतला आहे. माझ्याकडील ५० मिमी एफ/१.८ डी आणि ७०-२०० मिमी एफ/४ एएफ-एस या लेन्स ठेवाव्यात की विकाव्यात, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : एफ माउंटपासून (डी-७५०सारख्या कॅमेऱ्यांवर लेन्स बसवण्याची जागा) सेन्सरचे अंतर ४६.५ मिमी, तर झेडमध्ये ते अवघे १६ मिमी असल्याने एफ लेन्स झेडवर बसवणारा एफटीझेड ॲडॉप्टर केवळ मधली जागा भरतो. त्यात काच नसल्यामुळे चित्राचा दर्जा घटत नाही. मात्र त्यात फोकसची मोटरही नसल्याने, स्वतःची मोटर नसलेली डी लेन्स हातानेच फोकस करावी लागेल. ७०-२०० एएफ-एस असल्याने, म्हणजे तिच्यात स्वतःची मोटर असल्याने, ती निश्चिंतपणे ठेवा.

दुसरे उत्तर : सहमत आहे. ५० मिमी डीऐवजी झेडची ५० मिमी एफ/१.८ एस लेन्स अवश्य घ्यावी; १५५ ग्रॅमऐवजी ४१५ ग्रॅम वजन वागवावे लागले, तरी कडांपर्यंतची तिची स्पष्टता मला फार मोलाची वाटते.